श्वास धरता न येणाऱ्यांचं हृदय

हृदयाचा एमआरआय करताना रुग्णाला सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे ‘श्वास सोडा आणि धरून ठेवा’. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवलेले, त्यावर संकेत टिपणारी कॉइल बांधलेली, कानांवर हेडफोन आणि यंत्राच्या ठकठकीतून मधूनच येणारी ही सूचना. हृदयाचा एक छेद टिपायला साधारण आठ-दहा सेकंद लागतात. असे दहा-बारा छेद, मग वेगळ्या कोनांतून काही, मग गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन दिल्यावर पुन्हा. धडधाकट माणूससुद्धा शेवटी-शेवटी दमतो. मग ज्याचं हृदय कमकुवत झालंय, ज्याला दोन उशा घेतल्याशिवाय झोपताच येत नाही, त्याने सपाट पडून किती वेळा दम कोंडायचा? ज्यांना या तपासणीची खरी गरज, त्यांनाच ती सर्वांत अवघड जाते. या क्षेत्रातलं गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांतलं पुष्कळसं संशोधन म्हणजे या एका अन्यायाशी दिलेली झुंज आहे, असं मला वाटतं.

एमआरआयचा पाया पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७०च्या दशकात घातला. २००३ साली दोघांना नोबेल मिळालं. पण हे यंत्र फोटो काढत नाही. ते शरीरातून येणारे रेडिओ संकेत ओळीओळीने गोळा करतं आणि गणिताने त्यांचं चित्र बनवतं. या कच्च्या माहितीच्या साठ्याला ‘के-स्पेस’ म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ओळीत अख्ख्या चित्राचा अंश असतो. त्यामुळे ओळी गोळा होत असताना हृदय जरासं सरकलं, तरी तेवढाच भाग बिघडत नाही. सगळं चित्र फराटतं आणि त्यात भुतासारख्या पुसट प्रतिमा उमटतात.

आणि हृदय तर दुहेरी हलतं. एक त्याचा स्वतःचा ठोका, दुसरा श्वास. ठोक्यावर उपाय ईसीजीचा: प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणाची माहिती वेगळी ठेवायची आणि अनेक ठोक्यांतून एक हृदयचक्र जुळवायचं. त्यातही एक मेख निघाली. रक्त विजेचं वाहक असल्यामुळे प्रबळ चुंबकात ते धमनीतून धावू लागलं की स्वतःच व्होल्टेज निर्माण करतं. ईसीजीची टी लहर फुगते आणि संगणक तिलाच ठोका समजून बसतो. १९९०च्या दशकाअखेर संकेताचा आकारच नव्हे, तर दिशाही पाहणारी व्हेक्टर ईसीजीची पद्धत आली, तेव्हा ही फसगत बरीच कमी झाली. ठोकेच अनियमित असतील, तर मात्र अडचण तशीच राहते.

श्वास त्याहून हट्टी. शांतपणे श्वास घेतानाही श्वासपटल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वरखाली होतं आणि हृदय त्याच्यावरच टेकलेलं असतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीची रुंदी तीन-चार मिलिमीटर. १९८९ साली मेयो क्लिनिकमधल्या रिचर्ड एमन आणि जोएल फेल्मली यांनी ‘नॅव्हिगेटर’ची कल्पना मांडली. श्वासपटल कुठे आहे हे एका झटपट मोजणीने सतत पाहायचं आणि ते ठरलेल्या, साधारण पाच मिलिमीटरच्या पट्ट्यात असेल तेव्हाचीच माहिती ठेवायची. रुग्ण मोकळा श्वास घेऊ लागला. किंमत मात्र वेळेची: अनेकदा निम्म्याहून अधिक माहिती फेकून द्यावी लागते. मध्येच डोळा लागून श्वासाची लय बदलली, तर स्कॅन लांबतच जातो.

मग वेगच का वाढवू नये? चुंबकीय क्षेत्र फार झपाट्याने बदललं, तर रुग्णाच्या नसा उद्दीपित होऊन स्नायू फुरफुरतात. तिथे शरीरच मर्यादा घालतं. गटिंगेनमधल्या ‘फ्लॅश’ पद्धतीने १९८०च्या दशकात मोठी झेप घेतली होती. १९९९ साली झुरिकच्या ‘सेन्स’ने अनेक कॉइल एकत्र वापरून कमी ओळींत भागवलं. २००७ साली स्टॅनफर्डच्या मायकल लस्टिग यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की मोजायच्या ओळी नीट विखरून निवडल्या तर थोड्या माहितीतूनही चित्र परत मिळवता येतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यापुढचं पाऊल. के-स्पेस समांतर ओळींऐवजी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी, मध्यातून जाणाऱ्या रेषांनी भरायची आणि प्रत्येक नवी रेषा आधीच्या रेषेपासून १११.२५ अंश फिरवायची. हा कोन १८० अंशांना सुवर्णगुणोत्तराने, म्हणजे १.६१८ने, भागून मिळतो. (मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना विरहांक आणि हेमचंद्र ज्या संख्यामालेपाशी पोचले, तिच्या लगतच्या पदांचं गुणोत्तर याच संख्येकडे झुकतं.) या कोनाची खुबी अशी, की पुढची प्रत्येक रेषा आधी राहिलेल्या मोठ्या फटींपैकी एकीत पडते. त्यामुळे मोजणीतला कुठलाही तुकडा उचला, रेषा चहूकडे पसरलेल्याच मिळतात. शिवाय प्रत्येक रेषा केंद्रातून जात असल्याने श्वासाची चढउतार त्या माहितीतूनच वाचता येते.

२०१६ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ली फेंग, रिकार्डो ओटाझो आणि सहकाऱ्यांनी ‘एक्सडी-ग्रास्प’ पद्धतीत याचा पुरेपूर उपयोग केला. रुग्णाने हवा तसा श्वास घ्यायचा, यंत्राने थांबायचं नाही. नंतर त्याच माहितीची विभागणी करायची: हा ठोक्याचा टप्पा, हा श्वासाचा. काहीही टाकायचं नाही. ज्या हालचालीला इतकी वर्षं शत्रू मानलं, तीच चित्राची आणखी एक मिती झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या क्लॉडिया प्रिएटो आणि रेने बोटनार यांच्या गटाने श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर हृदय किती सरकलं आणि कसं वाकलं हे मोजून ते गणिताने जागेवर आणण्याचं काम पुढे नेलं.

वेळ वाचतो तेव्हा पैसाही वाचतो. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यातलं लोह हृदयात साठतं आणि जिवावर बेततं. ते एमआरआयवर मोजता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंड-ब्रिटन संयुक्त अभ्यासात ही तपासणी सुमारे आठ मिनिटांत आणि पुष्कळ कमी खर्चात झाली. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. उल्हासनगरातल्या सिंधी घरांना ही आठ मिनिटं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता थोड्या माहितीतून चित्र परत मिळवण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्ता आणखी वेगाने करू लागली आहे. तिचं स्वागत करताना २०२० सालचा एक शोधनिबंध विसरू नये. अशा काही प्रणालींत मूळ माहितीतल्या किंचित फरकाने चित्रात मोठे दोष उमटतात किंवा बारीक तपशील पुसले जातात, हे त्यात दाखवलं आहे. हृदयाच्या स्नायूवरचा छोटासा व्रण पुसला गेला, तर सुबक चित्राचा रुग्णाला काय उपयोग? म्हणून घाई वेगाची नव्हे, पडताळणीची हवी.

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला ही तपासणी सांगितली असेल, तर वेळ ठरवतानाच स्पष्ट सांगा: धाप लागते, सपाट झोपवत नाही, ठोके अनियमित आहेत. आणि विचारा, तुमच्याकडे मोकळ्या श्वासात स्कॅन करायची सोय आहे का? बऱ्याच नव्या यंत्रांवर ती असते.