‘पेरिमीटर’च्या पोटातली ‘परिमिती’

सेमी-इंग्रजी वर्गात गेलेल्या मुलाला ‘परिमिती’ सोडून ‘पेरिमीटर’ म्हणायला शिकावे लागते आणि तो हा शब्द कोरा, परका समजून पाठ करतो. वास्तविक दोन्ही शब्दांची घडण एकच आहे. ग्रीक ‘पेरी’ म्हणजे सभोवार, ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. आपला ‘परि’ म्हणजेही सभोवार, आणि ‘मिती’च्या मुळाशी ‘मा’, म्हणजे मोजणे, हा धातू. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडले आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते नाते धातू-धातूने तपासून पक्के केले. इंग्रजी शब्द वाढवायचे तर मुळे शिका, हा सल्ला आता नवा नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये नॉर्मन लुईस यांचे 1949 सालचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आजही दिसते, आणि त्याची सारी उभारणी याच पद्धतीवर आहे. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे: मराठी मुलाने ही मुळे मराठी व्याकरणाच्या वाटेने शिकावीत, कारण उपसर्ग, धातू आणि प्रत्यय हे यंत्र त्याच्या हाती आधीपासूनच आहे.

एकच धातू जवळून पाहू. लॅटिन ‘व्हर्ट’ म्हणजे वळणे. आपला ‘वृत्’ हा त्याचा सख्खा भाऊ. ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणजे आत वळलेला, आपण त्याला अंतर्मुख म्हणतो. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मागे वळणे, आणि आपला ‘निवृत्त’ही कामापासून मागे वळलेलाच असतो. रस्ता खोदलेला असतो तिथल्या ‘डायव्हर्शन’च्या पाटीत वाट दुसरीकडे वळते, ‘अ‍ॅडव्हर्टाइज’मध्ये लोकांचे लक्ष वळवले जाते, ‘व्हर्टिगो’त डोके गरगरते आणि ‘व्हर्टिब्रा’ हा पाठ वळवणारा मणका. मराठीच्या बाजूला आवर्तन, परिवर्तन, प्रवर्तक हे शब्द ओळीने उभे आहेत. आहार, विहार, संहार, उपहार यांत एकाच धातूचा अर्थ उपसर्ग कसा पालटतो हे ज्या मुलाला शाळेत शिकवले आहे, त्याला ‘कन्व्हर्ट’, ‘इन्व्हर्ट’, ‘रिव्हर्ट’ यांचे वेगळे काय शिकवायचे? संधीचेही तसेच. ‘उत्’पुढे ‘लेख’ आला की ‘उल्लेख’ होतो, तसाच लॅटिन ‘इन्’पुढे ‘लीगल’ आला की ‘इलीगल’ होतो. ‘इन्’मधला ‘एन’ पुढच्या ‘एल’मध्ये मिसळून गेला, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’. ‘इरेग्युलर’मध्ये दोन ‘आर’ का, याचेही उत्तर हेच. घोकून चुकणारी स्पेलिंग अशी एकदा उलगडली की सहसा चुकत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की मुळे फसवतात. फसवतात, हे मान्य केलेच पाहिजे. लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय, म्हणून ‘पेडेस्ट्रियन’ हा पायी चालणारा. पण ‘पीडियाट्रिशियन’ पायांचा डॉक्टर नव्हे, कारण तिथे ग्रीक ‘पाइस’ म्हणजे मूल आहे. अर्थही मुळापासून दूर भटकतात. ‘कॅन्डिडेट’ म्हणजे मुळात शुभ्र वस्त्रातला माणूस, कारण रोममध्ये पदासाठी उभे राहणारे तसा झगा घालत. आजच्या उमेदवाराच्या कपड्यांशी त्या शब्दाला काही देणेघेणे नाही. पण मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. ‘गवेषणा’ म्हणजे मुळात गाई शोधणे, आणि आज आपण तो शब्द संशोधनासाठी वापरतो. तेव्हा मुळावरून अर्थाचा अंदाज करायचा आणि वाक्य व शब्दकोश पाहून तो पक्का करायचा, हा क्रम मोडू नये. ज्याला हा क्रम पाळायचा नाही त्याने या वाटेला न गेलेले बरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोजच्या बोलण्यातली इंग्रजी लॅटिन-ग्रीक नाहीच. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट अप विथ’ अशा शब्दांना या किल्लीचा उपयोग नाही; ते ऐकून आणि बोलूनच येतात. मुळे शिकून फाडफाड इंग्रजी बोलता येईल असे सांगणारे क्लास विद्यार्थ्यांची दिशाभूल करतात. या पद्धतीचा उपयोग वाचनात आहे: विज्ञान, कायदा, वैद्यक, आणि घरात येणारे दवाखान्याचे कागद. ‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘हायपरग्लायसेमिया’ यांत ऐकायला केवढासा फरक, पण एकात रक्तातली साखर घसरलेली असते, दुसऱ्यात चढलेली. ‘हायपर’चा भाऊ आपला ‘उपरि’, वर. ‘हायपो’चा भाऊ ‘उप’, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खाली. मधुमेही माणसाच्या घरात हे कळणे ही चैन नव्हे, गरज आहे.

मराठी परिभाषा बोजड आहे, तिच्या आधाराने काय शिकवणार, असेही कोणी म्हणेल. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द लांब आहे खरा. पण तो ‘फोटोसिंथेसिस’ला घटकाला घटक लावून घडवला आहे: ‘फोटो’ला प्रकाश, ‘सिन्’ला सम्, आणि उरलेल्याला जोडणीचा अर्थ देणारे श्लेषण. ‘आयसोसेलीस’ म्हणजे ग्रीकमध्ये सारख्या पायांचा. आपला ‘समद्विभुज’ तेच सांगतो, फक्त पायांच्या जागी हात. म्हणजे ज्या शब्दांना आपण बोजड म्हणून बाजूला सारतो, त्यांच्यात इंग्रजी शब्दांची फोड आयती करून ठेवलेली आहे. माध्यम बदलताना मुलाकडून ही फोडच काढून घेतली जाते आणि हाती उरते ती घोकंपट्टी. मुळांच्या लांबलचक याद्या वाटल्या तर तीही घोकंपट्टीच होईल. म्हणून सेमी-इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती एवढीच: फळ्यावर ‘पेरिमीटर’ लिहाल तेव्हा शेजारी ‘परिमिती’ लिहा, आणि दोन्ही शब्द मुलांकडूनच फोडून घ्या.