होकार, इच्छा आणि वाचकांचं भांडण

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या स्वेच्छेच्या चर्चेपाशी थांबलो होतो. आज तोच धागा एका कथेकडे नेतो. डिसेंबर २०१७ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात क्रिस्टन रूपेनियन यांची 'कॅट पर्सन' ही कथा आली आणि एखाद्या लघुकथेवरून क्वचितच होतं तेवढं भांडण झालं.

कथा साधी आहे. मार्गो वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, सिनेमागृहातल्या खाऊच्या काउंटरवर काम करणारी. रॉबर्ट तिथलं गिऱ्हाईक, वयानं बराच मोठा. नंबर दिला जातो, मेसेज सुरू होतात. मेसेजमधला रॉबर्ट मजेशीर असतो, भेटीतला तसा नसतो. सिनेमा होतो, बार होतो, मग त्याचं घर. तिथं तिला आतून नको होतं. पण इथवर आपणच आलो, आता थांबवलं तर आपण लहरी ठरू, असं तिला वाटतं. तो जबरदस्ती करत नाही, ती 'नाही' म्हणत नाही. पुढे ती संबंध तोडते, आणि शेवटी त्याच्याकडून मेसेजमध्ये एक शिवी येते.

पुष्कळ बायका म्हणाल्या, अगदी असंच होतं, फक्त कुणी लिहिलं नव्हतं. पुष्कळ पुरुष म्हणाले, त्या माणसानं केलं काय? त्याला मनातलं कसं कळणार? काहींना त्याच्या जाड शरीराचं वर्णन कुचेष्टेचं वाटलं. आणि बऱ्याच जणांनी ही कथा आहे हेच विसरून तो लेखिकेचा अनुभव म्हणून वाचला.

आता ॲरिस्टॉटलकडे या. वादळात सापडलेल्या जहाजावरचा माल माणसं समुद्रात फेकतात. एरवी असं कुणी करणार नाही, पण त्या क्षणी हात त्यांचेच असतात, निर्णयही त्यांचाच. ही ऐच्छिक कृती की अनैच्छिक? तो तिला मिश्र म्हणतो, आणि ऐच्छिकाच्या बाजूला थोडी झुकवतो. मार्गोचा होकार या जातीचा आहे. वाचकांचं भांडण खरं तर एवढ्यावरच आहे की तिथं वादळ होतं का. एकाला स्वच्छ आभाळ दिसतं. दुसरीला दिसतं की रात्र आहे, घर त्याचं आहे, गाडी त्याची आहे, आणि दुखावलेला पुरुष पुढे काय करील ते सांगता येत नाही.

आपल्याकडे 'डेटिंग' कुणी म्हणत नाही. 'भेटायला जातो', 'फिरायला जातो' म्हणतात. पण एटापल्लीची किंवा सिरोंच्याची पोरगी चंद्रपुरात खोली करून शिकते, मोबाइलवर ओळख झालेल्या पोराला भेटते, आणि गावाकडे जायची शेवटची एसटी निघून जाते. "राहू दे, मी सोडतो," तो म्हणतो. कदाचित भला पोरगा असेल. पण त्यानंतरचं तिचं हसणं, 'हो हो' म्हणणं कितपत तिचं, हा प्रश्न उरतोच.

कायदा इथं एका मर्यादेपर्यंतच येतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी म्हणतं. नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही, हेही म्हणतं. चांगलंच आहे. पण कोर्टाला शेवटी गुन्हा झाला की नाही ते ठरवावंच लागतं. कथेवर ती सक्ती नाही. म्हणून 'दोषी कोण?' एवढंच विचारत कथा वाचणाऱ्यांची मला जरा गंमत वाटते. शेवटची शिवी मात्र मला सोपी वाटते. ती आली की वाचकाचा निवाडा लेखिकाच करून टाकते.

मराठीत हे आधी घडून गेलं आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींची कोंडी, त्यांच्या इच्छा, पुरुषांशी येणारे अवघड संबंध त्यात उघड मांडले होते. वादळ उठलं. कथांपेक्षा 'ही विभावरी कोण?' याचीच चर्चा जास्त. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर.

हा शोध का लागतो? अभिनवगुप्तानं रसाची सात विघ्नं सांगितली, त्यातलं एक असं की समोरचं सुखदुःख 'हे माझंच' किंवा 'हे त्या अमक्याचं' म्हणून घेतलं की रस अडतो. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात नायक नायिकेच्या मागे लागतो तेव्हा मंडपात शिट्ट्या पडतात आणि बायकांच्या बाजूला पुष्कळदा शांतता असते. नाटक एकच, पण साधारणीकरण दोन्हीकडे झालेलं नाही.

तरी इथं मी अभिनवगुप्ताशी पूर्ण सहमत नाही. १९३३ ची एखादी शिक्षिका 'हे माझंच आहे' म्हणाली, तर तो रसभंग होता का? तिच्याजवळ त्या अस्वस्थतेला तोवर नावच नव्हतं. ते नाव तिला कथेतून मिळालं. 'हे माझं' म्हणणं तिच्यासाठी वाचनाची सुरुवात होती. उलट 'हे लेखिकेचं खासगी' म्हणणाऱ्यानं पुस्तक तिथंच मिटलं. ही दोन विघ्नं सारख्या वजनाची नाहीत.

आणि रॉबर्टच्या बाजूनं वाचणारा? त्याची तक्रार मी टाकून देत नाही. कथा एकदाही त्याच्या मनात शिरत नाही, हे खरंच आहे. पण भेटीच्या त्या रात्री मार्गोलाही त्याचं मन दिसत नव्हतं. ती अंदाजच बांधत होती. चिडलेल्या वाचकाला ज्या जागी बसवलं म्हणून राग येतो, ती तीच जागा आहे. पुढच्या वेळी इथूनच, दुसऱ्याचं मन कळतं म्हणजे काय कळतं, या प्रश्नाकडे जाऊ.