तीन वर्षांच्या बोलीची जहाजे

‘विक्रांत’ हे नाव आता कोचीत बांधलेल्या नौकेचे आहे, आणि येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, तिचीच छायाचित्रे सगळीकडे झळकतील. हे नाव आधी जिचे होते ती नौका ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात काढलेल्या सोळा हलक्या विमानवाहू नौकांपैकी एक. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षे चालाव्यात आणि मग मोडीत निघाव्यात, अशा हिशेबाने त्या बांधायला घेतल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांतली एक २००१ पर्यंत सेवेत होती. सोळांमधली सर्वांत शेवटी शिल्लक राहिलेली नौका, म्हणजे ही जुनी ‘विक्रांत’च, मुंबईत उभी होती. २०१४ मध्ये तीही तिथल्याच दारूखाना या जहाजे फोडण्याच्या जागी भंगारात गेली.

घाईचा आराखडा

१९४१ च्या अखेरीस ब्रिटिश नौदल अडचणीत होते. ‘करेजस’, ‘ग्लोरियस’ आणि ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौका बुडाल्या होत्या. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य युद्धनौका जपानी विमानांनी काही तासांत तळाला धाडल्या. वरून राखण करायला एकही ब्रिटिश लढाऊ विमान नव्हते. विमानवाहू नौका हव्या होत्या, आणि लगेच हव्या होत्या. मोठ्या नौकेला चार-चार वर्षे लागत आणि लढाऊ जहाजे बांधणाऱ्या गोद्यांना तर उसंत नव्हती.

तोड काढली विकर्स कंपनीच्या आरेखकांनी. सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधायचा, म्हणजे मालवाहू जहाजे बांधणाऱ्या गोद्यांनाही तो जमेल. चिलखती पत्रा नाही, मोठ्या तोफा नाहीत; विमानविरोधी तोफा तेवढ्या ठेवायच्या. इंजिने क्रूझरच्या धर्तीची: चार बॉयलर, दोन पंखे, ४० हजार अश्वशक्ती, वेग २५ नॉट. मोठ्या विमानवाहू नौका तिशी ओलांडत, पण घाईच्या कामाला पंचवीस पुरेसे मानले गेले. बॉयलर आणि टर्बाइन यांच्या दोन स्वतंत्र जोड्या पुढेमागे ठेवल्या होत्या, म्हणजे एका टॉर्पेडोने जहाज जागीच बसू नये. खर्च वाचवण्याच्या धडपडीत शाबूत राहिलेली ही एक चैन.

पहिल्या नौकेचे, ‘कोलोसस’चे, काम जून १९४२ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९४४ मध्ये ती तयार झाली. सोळांपैकी पहिल्या दहा तिच्या नावाने कोलोसस वर्गाच्या. उरलेल्या सहांत जड विमानांसाठी बदल केले, त्या मॅजेस्टिक वर्गाच्या.

या नौकांचे डेक सुमारे २१० मीटर लांब. कराडजवळ कोयना प्रकल्पासाठी बांधलेली धावपट्टी सव्वा किलोमीटरहून किंचित मोठी आहे. म्हणजे डेक तिच्या सहाव्या हिश्शाएवढे, शिवाय लाटांवर हलणारे. एवढ्यात विमान उडते ते वाऱ्याच्या जोरावर. उड्डाणाआधी नौका वाऱ्याच्या तोंडाला वळते आणि वेग घेते. नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाला आयतीच मिळते. उरलेला जोर कॅटापुल्ट नावाची गोफण देते. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थांबते. नौका मंद असेल आणि वाराही पडला असेल, तर बेरीज जमत नाही. या वर्गाच्या वाट्याला ती अडचण पुढे दोनदा, दोन वेगळ्या युद्धांत आली.

युद्ध चुकले, आयुष्य मिळाले

ज्या युद्धासाठी या नौका बांधल्या ते त्यांना जवळजवळ गाठताच आले नाही. पहिल्या चार प्रशांत महासागरात पोहोचल्या तेव्हा जपान शरण येण्याच्या बेतात होता. ६ सप्टेंबर १९४५ रोजी रबौलच्या जपानी फौजांची शरणागती ‘ग्लोरी’च्या डेकवर स्वीकारली गेली, एवढेच.

पण मोडीत काढायला एवढी नवी जहाजे कोण देतो? ब्रिटनने त्यांना प्रयोगाला जुंपले. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन या वैमानिकाने ‘ओशन’वर व्हॅम्पायर उतरवले, विमानवाहू नौकेवर उतरलेले ते पहिले जेट. वाफेच्या कॅटापुल्टची चाचणी ‘पर्सियस’वर झाली. उतरणारे विमान चुकले तर पुढे उभ्या विमानांवर आदळू नये, म्हणून धावपट्टी तिरकी काढण्याची कल्पना १९५२ मध्ये ‘ट्रायम्फ’च्या डेकवर नुसते रंगाचे पट्टे ओढून तपासली गेली. कोरियन युद्धात यांतल्याच नौका पाळीपाळीने लढल्या. १९५६ मध्ये सुएझला ‘ओशन’ आणि ‘थिसियस’ यांवरून हेलिकॉप्टरने सैनिक किनाऱ्यावर उतरवले. जहाजांवरून झालेला असा तो पहिला हल्ला.

बाकीच्यांना गिऱ्हाईक मिळाले. स्वस्त, साध्या आणि जेमतेम हजार-बाराशे माणसांत चालणाऱ्या या नौका मध्यम ऐपतीच्या देशांना परवडणाऱ्या होत्या. फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अर्जेंटिना आणि भारत अशा सात देशांनी त्या वापरल्या. डचांनी घेतलेली ‘व्हेनरेबल’ पुढे अर्जेंटिनाकडे गेली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिला ब्रिटिश ताफ्यावर हल्ला करायचा होता, पण ऐन वेळी वारा पडला आणि बाँब लादलेली विमाने उडवता आली नाहीत. समोरच्या ताफ्यात ‘हर्मिस’ होती, म्हणजे नंतरची भारताची ‘विराट’. ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ १९८५ मध्ये चीनने भंगार म्हणून घेतली आणि फोडण्याआधी बारकाईने अभ्यासली. ‘लेव्हायथन’ मात्र पूर्ण न होताच १९६८ मध्ये मोडली.

‘हर्क्युलिस’ची ‘विक्रांत’

मॅजेस्टिक वर्गातली ‘हर्क्युलिस’ २२ सप्टेंबर १९४५ रोजी, युद्ध संपल्यावर तीन आठवड्यांनी, पाण्यात उतरली. काम थांबले आणि अर्धवट अवस्थेत ती दहा वर्षे पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली आणि बेलफास्टच्या हारलँड अँड वूल्फ गोदीत पूर्ण करून घेतली. रखडल्याचा फायदाच झाला: बहिणींवर तपासलेले तिरके डेक आणि वाफेचे कॅटापुल्ट तिला बांधतानाच मिळाले. ४ मार्च १९६१ रोजी उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित, राजकोटच्या मराठी पंडित घराण्याच्या सूनबाई, यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ म्हणून भारतीय नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कप्तान. १८ मे रोजी तिच्यावर पहिले जेट उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली आणि डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी पश्चिम किनाऱ्यावर पहाऱ्याला होती.

१९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचा, कर्मभूमी कराड. नौदलप्रमुख होते ॲडमिरल भास्करराव सोमण. दोघेही मराठी, पण नौदलाला त्या युद्धात वाव मिळाला नाही. पोरबंदरच्या अक्षवृत्ताच्या उत्तरेला जायचे नाही, अशी सरकारची सूचना होती. ‘विक्रांत’ तर मुंबईच्या कोरड्या गोदीत दुरुस्तीला होती. पाकिस्तानने तरीही ती बुडवल्याचे जाहीर केले. बुडाली नाही आणि लढलीही नाही, ही सल नौदलाला पुढची सहा वर्षे पुरली.

तडकलेला बॉयलर

१९७० च्या जूनमध्ये तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेल्याचे आढळले. वेल्डिंगने सांधता येतील असे ते नव्हते. नवी पिंपे ब्रिटनमधून यायची होती आणि तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम निघाला. नौका जवळजवळ सात महिने थंड पडली. १ मार्च १९७१ रोजी, नव्या पिंपांची वाट न पाहता, कमी दाबावर बॉयलर पुन्हा पेटवले गेले. दाब आणि पंख्यांचे फेरे यांना मर्यादा घातली आणि वेग १४ नॉटवर आला. २५ नॉटच्या नौकेचा हा निम्म्याहून थोडाच अधिक वेग. म्हणजे नौकेच्या वेगाने डेकवर मिळणारा वाराही तेवढाच कमी, आणि अलीझेसारख्या जड विमानांना तोच हवा असतो.

त्याच वर्षी पाकिस्तानशी पुन्हा युद्ध झाले. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ही जोखीम घेतली आणि नौका पूर्वेला, बंगालच्या उपसागरात, पाठवली. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिच्या मागावर होती. ‘विक्रांत’ अंदमानच्या आडोशाला असताना ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने तिच्या नावाने खोटे रेडिओ संदेश सोडले. ३ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर आणि दुपारी चितगाववर मारा केला. नंतर खुलना, मोंगला आणि बारिसालची पाळी आली आणि पूर्व पाकिस्तानची बंदरे बंद पडली. ४ डिसेंबरच्याच रात्री कराचीवर झालेल्या क्षेपणास्त्र हल्ल्याच्या आठवणीत नौदल दिन साजरा होतो; उपसागरातल्या त्या सकाळचा उल्लेख ओझरताच होतो. नौकेवरच्यांना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली.

पुढे १९७९ ते १९८२ मोठी दुरुस्ती झाली, १९८३ मध्ये सी हॅरियर आली, नंतर डेकच्या नाकाला चढ मिळाला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली.

एकही नाही

२००१ पासून ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उघडी होती. ब्राझीलची ‘मिनास जेराईस’ २००४ मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर फोडली गेली, तेव्हा सोळांपैकी ‘विक्रांत’च एक राहिली. अमेरिकेने आपल्या पाच विमानवाहू नौका संग्रहालये म्हणून जपल्या आहेत. ब्रिटनने एकही ठेवली नाही. मुंबईत मात्र कायमची जागा आणि देखभालीचा पैसा यांच्या घोषणाच होत राहिल्या, आणि अखेर राज्य सरकारने असमर्थता कळवली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झाले. लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना नौका विकली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात दारूखान्यात गॅस कटर चालू लागले. व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधलेली नौका अखेर मालवाहू जहाजांच्याच रांगेत फुटली.

जानेवारी २०१६ मध्ये नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिच्या धातूचे एक शिल्प उभे राहिले. पुढच्याच महिन्यात बजाज ऑटोने ‘व्ही’ ही मोटारसायकल आणली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत ‘विक्रांत’चे वितळवलेले पोलाद मिसळल्याचे कंपनीने सांगितले. त्या गाड्या सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरही धावतात. सोळा नौकांपैकी चालतेफिरते म्हणावे असे आज एवढेच उरले आहे.