सावलीतला आकडा

मे महिन्यात बीडच्या सुभाष रोडवर दुपारी दोनला उभं राहिलं की ऊन वरून लागतं तसंच खालूनही लागतं. डांबराची धग चपलेतून वर येते, बंद शटरं झळा टाकतात. माझ्या हातातला थर्मामीटर बघून रसवंतीवाल्यानं विचारलं, "काय वो, किती गेलं?" आकडा ऐकून तो खूश झाला. "बघा! पेपरात कमीच छापतेत."

पेपराचं चुकत नव्हतं, माझं चुकत होतं. उन्हात धरलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. काच आणि पारा ऊन पितात, शेजारची भिंतही त्यांना शेकते. म्हणून त्या दुपारचा माझा आकडा इथे लिहीत नाही.

हवामान खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत असतात. मोकळ्या जागेत, गवतावर, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, म्हणजे वारा आत जातो पण ऊन जात नाही. दार उत्तरेला, वाचणाऱ्याच्या पाठीमागून ऊन आत शिरू नये म्हणून. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह अभियंत्याची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. आत चार थर्मामीटर. त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली असते, तिची वात खाली पाण्याच्या भांड्यात. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि हा पारा उतरतो. आपला माठही याच हिशेबानं चालतो. म्हणून मे महिन्यात बीडला माठातलं पाणी घशाला गार लागतं, आणि रत्नागिरीच्या दमट हवेत तोच माठ नुसता घामेजून बसतो.

सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या वेळा ठरलेल्या. सगळीकडे पेटी सारखी, वेळ सारखी, म्हणून बीडची तुलना परभणीशी करता येते आणि आजची पन्नास वर्षांपूर्वीशी. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं की उष्णतेची लाट म्हणतात, ते याच सावलीतल्या आकड्यावर. उन्हाचा भार मोजायचं यंत्र वेगळं: काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, आकाशातून येणारं ऊन त्यावर पडतं आणि त्याचं मोजमाप विजेच्या बारीक दाबात होतं. पुण्यात खात्यानं 1957च्या सुमाराला, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानं, या कामाचा पाया घातला.

पण माणसं त्या पेटीत राहत नाहीत. पत्र्याच्या खोलीत दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं, मात्र पत्रा दिवस मावळल्यावर लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब उलटा. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्री उशिरापर्यंत ओकत राहतो, म्हणून लोक गच्चीवर बादल्या ओततात आणि मगच अंथरूण टाकतात. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीमुळे दुपार बाहेरच थांबते. गळतीला आणि दरवर्षीच्या मातीला कंटाळून आपण माळवदं पाडली, ते मला कळतं; पण त्यांच्या जागी पत्रे ठोकले, हा सौदा तोट्याचा झाला. बीडमधलं कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध आहे. कुंडात पाणी असलं की तिथल्या वाऱ्यात आणि पेठेतल्या वाऱ्यात फरक असतो, त्याला थर्मामीटर लागत नाही.

जागेचा हा खेळ जूनपासून पैशाचा होतो. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि भरपाईची चर्चा सुरू होते. 'महावेध' प्रकल्पात 2017पासून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. त्यांच्या पाऊस मोजायच्या नळकांड्यात झुलणाऱ्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलंडणं पाऊस म्हणून मोजलं जातं. पण मराठवाड्याचा पाऊस शिवाराशिवारात भेद करतो. ओढ्याच्या अलीकडे धो धो, पलीकडे धूळ. एका मंडळात कितीतरी गावं आणि यंत्र एकच. नळकांड्यात पाला अडकला, पाखरांची घाण साचली किंवा शेजारी बाभळ माजली, तर वाटी कमी कलंडते. आणि 64 वर थांबलेला आकडा शेतकऱ्याला किती महाग पडतो, हे बांधावर विचारा.

पर्जन्यमापकाचा नियम सोपा आहे. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. आपल्या मंडळातलं यंत्र कुठं उभं आहे, ते मृग लागायच्या आत एकदा जाऊन बघा. झाड, भिंत, नवं शेड जवळ आलं असेल तर फोटो काढा आणि ग्रामसभेत ठराव मांडून तो तहसीलला आणि कृषी खात्याला द्या. पाऊस पडून गेल्यावर आकडा कमी का आला, ते सिद्ध करता येत नाही.