पळणाऱ्या पोरींचे घोटे तपासा

ताईंनो, आपल्या गटांमधल्या कितीतरी घरच्या मुली पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळतात. शिपाई भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीला 50 गुण, त्यातले 20 गुण एकट्या 800 मीटर धावण्याचे. पण सराव वाढला की नडगी दुखते, टाच धरते, आणि घरचे म्हणतात, "बस झालं आता!" दुखण्याची कारणं बरीच असतात: एकदम वाढवलेला सराव, झिजलेले बूट, अपुरं खाणं. त्यातलं एक कुणी बघतच नाही, ते म्हणजे आखडलेला घोटा.

पळताना पाऊल टेकलं की नडगी त्याच्यापुढे झुकते. हे झुकणं घोट्यातून होतं. घोटा नीट वाकला नाही तर टाच लवकर उचलते, पाऊल आणि गुडघा आत कलतो. मग ताण पोटरीवर, नडगीवर, गुडघ्यावर जातो. आपण खुरपायला उकिडवं बसतो तेव्हा घोटा असाच वाकतो. टाच टेकवून तसं बसता येत नसेल, तर घोटा आखडलेला असू शकतो.

घरीच तपासा. अनवाणी भिंतीसमोर उभं राहायचं. पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर, शाळेच्या पट्टीने मोजून. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागला नाही, किंवा दोन पायांत बराच फरक दिसला, तर हे करायचं:

1. पळण्याआधी: असाच गुडघा भिंतीकडे नेऊन मागे आणायचा, प्रत्येक पायाने 10 ते 15 वेळा.
2. पळून आल्यावर: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर. 30 सेकंद गुडघा सरळ, 30 सेकंद थोडा वाकवून. दोन्ही पायांनी तीनदा.
3. एक दिवसाआड: पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा वर, मग हळूहळू खाली. 10 वेळा, तीनदा. आधाराला काहीतरी धरायचं.

फरक पडायला काही आठवडे लागतात, घाई नको. ताण जाणवला तर चालेल, पण टोचणारं दुखणं नको. पाय मुरगळून सूज आली, चार पावलंही टाकता येईनात, किंवा हाडावर एकाच जागी दाबलं की दुखतं, तर गोळी खाऊन पळायचं नाही. दवाखान्यात दाखवायचं.

पुढच्या बैठकीला पोरींना सोबत आणा, आणि एक पट्टीसुद्धा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानं वर्षभराची मेहनत वाचू शकते.