चर्चवरील खरी सत्ता कोणाची? : मराठी ख्रिस्ती लेखनाची एक पार्श्वभूमी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ‘ख्रिस्त हा मंडळीचे मस्तक आहे’ या श्रद्धेचा अर्थ सांगता येईल;
• या श्रद्धेची वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरांतील रूपे स्पष्ट करता येतील;
• पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या भूमिकांमागील धर्मविचार ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मिशन, मंडळी, बाप्तिस्मा असे शब्द तुमच्या वाचनात आले असतील. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनची चाकरी सोडली, ही घटना अनेकदा त्यांच्या मनस्वी स्वभावाचा एक विशेष म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या निर्णयामागे ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना प्रश्न उभा आहे : चर्चवर खरी सत्ता कोणाची? हा प्रश्न समजून घेतल्याशिवाय मराठी ख्रिस्ती लेखनातील संघर्षाचा नेमका अर्थ हाती येत नाही.

२. मस्तक आणि शरीर

‘चर्च’ म्हटले की आपल्यासमोर इमारत उभी राहते. नव्या करारात मात्र या शब्दाने श्रद्धावंतांचा समुदाय सूचित होतो. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा नेमका शब्द योजला आहे. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत या समुदायाला शरीराची उपमा दिली असून ख्रिस्त हे त्याचे मस्तक मानले आहे.

या रूपकातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मंडळीचा मालक कोणीही मनुष्य नाही. अधिकारपदावरील व्यक्ती फार तर कारभारी आहे. दोन, सर्व अवयव एकाच मस्तकाशी जोडलेले असल्यामुळे ते परस्परांशीही बांधलेले आहेत. येथपर्यंत बहुतेक सर्व ख्रिस्ती परंपरांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी. मस्तक दृष्टीआड आहे. मग त्याची इच्छा काय आहे, हे ठरवायचे कोणी?

३. तीन उत्तरे

कॅथलिक परंपरेच्या मते ख्रिस्ताने पेत्राकडे स्वर्गराज्याच्या किल्ल्या सोपवल्या आणि रोमचा बिशप, म्हणजे पोप, हा पेत्राचा उत्तराधिकारी आहे. पोप ख्रिस्ताची जागा घेत नाही, तर त्याचा दृश्य प्रतिनिधी म्हणून कार्य करतो. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या या सर्वोच्च अधिकाराची औपचारिक व्याख्या केली.

इंग्लंडमध्ये १५३४ साली पार्लमेंटने राजा आठवा हेन्री याला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवले. १५५९ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात मात्र ही पदवी बदलून ‘सर्वोच्च शासक’ अशी करण्यात आली. मस्तकपद केवळ ख्रिस्ताचे, हा आक्षेप या बदलामागील एक कारण होता. एका शब्दाच्या बदलात केवढा धर्मविचार सामावलेला असतो, हे भाषेच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावे.

तिसरे उत्तर मंडळीस्वातंत्र्यवाद्यांचे. प्रत्येक स्थानिक मंडळी थेट ख्रिस्ताच्या अधीन असते. तिच्यावर राजा नको, पोप नको, बिशपही नको, असे हा पंथ मानतो. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी मुख्यतः याच परंपरेतील होते. त्यांच्या कार्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले.

४. पंडिता रमाबाई : धर्मग्रंथ, विवेक आणि आज्ञापालन

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो इंग्रजी पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केला आहे. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून एखादे मत स्वीकारणे रमाबाईंना मान्य नव्हते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जाण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी स्पष्टपणे कळवले. स्वतः वाचलेला धर्मग्रंथ आणि स्वतःचा विवेक हे त्यांचे प्रमाण होते.

जेराल्डिन यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. बाप्तिस्मा घेणे म्हणजे एका समुदायाचे अंग होणे. त्या समुदायाची शिकवण आपल्या पसंतीने निवडता येत नाही, असा त्यांचा विचार होता. येथे दोघीही ख्रिस्ताचीच सत्ता मानतात. ती सत्ता व्यक्तीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, एवढाच वाद आहे. पण एका स्त्रीचे बौद्धिक स्वातंत्र्य त्यात पणाला लागले होते.

५. ना. वा. टिळक : वेतन आणि स्वामी

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. या मिशनच्या तत्त्वाप्रमाणे मंडळी स्वतंत्र असावयास हवी होती. व्यवहारात मात्र निधी अमेरिकेतून येई. त्यामुळे धोरण ठरवण्याचा अधिकार मुख्यतः परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राही. वेतन देणारा तो धनी, हा जगाचा रिवाज. मग ज्याचे वेतन मिशन देते, त्या उपदेशकाचा धनी कोण?

टिळकांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी व वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. हा धर्मत्याग नव्हता. मस्तक एकच, या श्रद्धेचा त्यांनी अखेरपर्यंत केलेला पाठपुरावा होता. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

६. वाङ्मयीन महत्त्व

‘दरबार’ हा शब्द लक्षपूर्वक पाहा. दरबारात सिंहासन एकच असते. तेथे देशी-परदेशी, सुशिक्षित-अशिक्षित, सर्वांचे स्थान सिंहासनाच्या खालीच राहते. मिशनऱ्याचा निषेध न करताही त्याचा मोठेपणा या प्रतिमेत आपोआप मावळतो. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची भावना होती. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ न मानणारी भक्तिपरंपरा आणि ‘मस्तक एक’ हा ख्रिस्ती सिद्धान्त त्यांच्या ठायी एकमेकांना बळ देतात. म्हणून त्यांच्या बंडाकडे केवळ राष्ट्रवादाचा आविष्कार म्हणून पाहिल्यास त्याची निम्मीच बाजू दिसते.

७. सारांश

चर्चचे मस्तक ख्रिस्त, हे तत्त्व समान असले तरी त्या सत्तेचा दृश्य वाहक कोण, याविषयी परंपरा भिन्न आहेत. हे तत्त्व अधिकार दृढ करण्यासाठी वापरता येते, तसेच अधिकाराला प्रश्न विचारण्यासाठीही. रमाबाई आणि टिळक यांनी त्याचा दुसरा उपयोग केला. त्यासाठी एकीने स्नेहसंबंधांत ताण सोसला, तर दुसऱ्याने चरितार्थाचा आधार सोडला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मस्तक आणि शरीर’ या रूपकातून कोणत्या दोन गोष्टी निष्पन्न होतात?
२. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यातील मतभेदाचे मर्म तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘दरबार’ या प्रतिमेतून टिळकांचा कोणता धर्मविचार व्यक्त होतो?
४. तुमच्या परिचयातील एखाद्या संतकवीने मध्यस्थाच्या अधिकाराविषयी कोणती भूमिका घेतली, याची टिळकांच्या भूमिकेशी तुलना करा.