सायकलच्या लांब प्रवासाचा सोबती

सायकलवरून दूरच्या मुलुखात जावे असे पुष्कळांना वाटते. परंतु बेत अडतो तो सोबत्यापाशी. सोबती म्हणजे जिवलग मित्रच हवा, ही समजूत मात्र फसवी आहे.

१९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. सारेच व्यायामाने कसलेले होते. तरीही १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले ते तिघेच: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. इतरांच्या वाटा मध्येच वेगळ्या झाल्या. लांबच्या प्रवासात असे घडू शकते, हे आधीच गृहीत धरावे.

सोबती निवडताना प्रथम त्याचा वेग पाहावा. ताशी दोन किलोमीटरांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण पाच तासांत तो दहा किलोमीटरांचा होतो. मग पुढचा चिडतो आणि मागचा खचतो. खर्चाची ऐपत, पहाटे निघण्याची सवय आणि मुक्कामाच्या सोयी यांविषयीही मोकळेपणी बोलून घ्यावे.

याची खरी परीक्षा रस्त्यावरच होते. बेळगावकरांनी, उदाहरणार्थ, चोर्ला घाटाने साखळीस जाऊन दुसऱ्या दिवशी परतावे. घाटाच्या चढावर दमछाक झाली किंवा चाक पंक्चर झाले, की माणसाचा स्वभाव आपोआप कळतो.

कारण पडल्यास विलग होण्याची मुभा दोघांनी निघण्यापूर्वीच मान्य करावी. पंप, पंक्चरचे साहित्य आणि परतीपुरते पैसे प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावेत. म्हणजे निरोप घ्यावा लागला तरी त्यात कटुता राहत नाही.